मानाचा झगा, घरचा गाऊन

गाऊन शिवायला फारशी मापं लागत नाहीत. ब्लाऊज म्हटला की छाती, कंबर, मुंढा, गळ्याची खोली, बाहीचा घेर असं सगळं टेपने मोजून वहीत उतरवावं लागतं. गाऊनच्या वेळी मी उंची आणि बाही विचारते, बाकीचं कापड सांभाळून घेतं. नांदूरघाटात मशीन चालवणारी कुठलीही बाई सांगेल, की नवी मुलगी शिकायला आली म्हणजे परकर झाल्यावर तिच्या हातात गाऊनच देतात. शिवायला सोपा, घालायला सोपा, म्हणून याच्याकडे कुणी थांबून पाहिलं नाही. पैठणीवर पुस्तकं निघाली, पगड्यांवर लेख आले, नऊवारी नेसायचे तर आता सोहळे होतात. पण आमच्या केज तालुक्यातली बाई दिवसाचे जास्तीत जास्त तास ज्या कपड्यात काढते, त्याचा इतिहास मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. शिवणकाम करता करता मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून इतिहास घेऊन बी.ए. केलं. त्या अभ्यासात राजांचे, सरदारांचे, बॅरिस्टरांचे पोशाख भेटत गेले आणि माझ्या मशीनवरचा कपडा त्यांच्या शेजारी मांडून पाहावासा वाटू लागला.

मला जे दिसलं ते असं. अंगभर, सैल, पायघोळ कपडा आपल्या मुलखात शेकडो वर्षं मानाचा होता, आणि तो मान पुरुषाचा होता. त्याच जातीचा कपडा बाईच्या अंगावर आला तेव्हा तिला लाज आणणारा ठरला. याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

मराठ्यांच्या इतिहासात पद मिळालं म्हणजे वस्त्रं मिळाली. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना शाहू महाराजांनी पेशवेपद दिलं, त्याला बखरी आणि कागदपत्रं पेशवाईची वस्त्रं दिली असंच म्हणतात. पुढच्या प्रत्येक पेशव्याला ही वस्त्रं साताऱ्याच्या गादीकडून घ्यावी लागली. प्रत्यक्ष सत्ता पुण्यात गेली तरी वस्त्रं साताऱ्याचीच. मोगलांकडे याला खिलत म्हणत. बादशहाने दिलेला जामा अंगावर चढवला म्हणजे त्याची चाकरी पत्करली, असा त्याचा अर्थ. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात काय झालं ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे, पण त्यातला कापडाचा भाग बहुतेक वेळा सुटतो. त्या दिवशी शाहजादे आणि मोठे उमराव यांना खिलती मिळाल्या, शिवाजी महाराजांना डावललं गेलं. ते संतापून बाजूला झाल्यावर त्यांची समजूत घालायला खिलत पुढे केली गेली आणि ती त्यांनी घेतली नाही. एका झग्याला नकार देणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, हे वस्त्रांचा अर्थ कळल्याशिवाय कळत नाही.

ही रीत फक्त दरबारातली नव्हे. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे शेरवानी ही दरबाराची आणि कचेरीची खूण. गावातल्या लग्नात मानकऱ्याला पूर्ण पोशाख करायचा तो याच रीतीचा धाकटा भाऊ, आणि आज मांडवात वाजतगाजत होणारा टॉवेल-टोपीचा आहेर हे त्याचं उरलेलं टोक. ज्याला टॉवेल-टोपी मिळत नाही तो रुसतो. बायकांना खण, साडी, ब्लाऊजपीस मिळतो. पण तो लग्नघरातल्या नात्याचा मान असतो, पदाचा नाही.

गावात पायघोळ कपडा घालून येणारे आणखी लोक होते. पहाटे येणारा वासुदेव, डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी आणि अंगात घोळदार झगा. तुळजाभवानीचा गोंधळी, कवड्यांच्या माळा, संबळ, दिवटी आणि पायापर्यंत येणारा झगा. दर्ग्याच्या उरुसाला येणारा फकीर आपली कफनी घालून. यांच्यापैकी कुणी श्रीमंत नव्हतं, पण झगा घातलेल्या माणसाला दारात उभं राहून सूप भरून धान्य वाढलं जायचं आणि त्याच्या पाया पडलं जायचं. आमच्याकडे गोंधळ घातल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. त्या रात्री झगा घातलेला गोंधळी देवीच्या वतीने बोलतो आणि सगळं घर ऐकतं.

आता काळ्या गाऊनकडे येते, कारण लोकांना गाऊन म्हटल्यावर आधी तोच आठवतो. युरोपातली जुनी विद्यापीठं चर्चच्या सावलीत वाढली. शिकणारे आणि शिकवणारे दोघेही धर्मसेवकच मानले जात, आणि थंडगार दगडी इमारतींत बसायचं म्हणून लांब, जाड झगे घालत. लोकांचे रोजचे कपडे बदलले, विद्यापीठाचे आणि न्यायालयाचे झगे तसेच राहिले. इंग्रजांनी १८५७ साली मुंबई विद्यापीठ काढलं तेव्हा पदवीचा गाऊन आपल्याकडे आला. १८६२ साली पहिल्या पदव्या मिळाल्या. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या पदवीधरांतले.

बाईला तो गाऊन मिळायला किती अडथळे पार करावे लागले पाहा. मुंबई विद्यापीठाने मुलींना परीक्षांची दारं उघडली ती १८८३ साली. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. त्या यशाबरोबर इंग्लंडला जाण्याची जी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची ती मात्र बाई म्हणून त्यांना नाकारली गेली. इंग्लंडमधल्या काही मंडळींनी पैसे उभे केले, त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ साली कायद्याची मोठी परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना परीक्षा देऊ द्यायचं, पदवी द्यायचं नाही. तिथे स्त्रियांना पदव्या मिळू लागल्या त्या १९२० पासून. म्हणजे उत्तरपत्रिका लिहून झाल्यावर तो गाऊन अंगावर यायला कॉर्नेलियाबाईंना जवळजवळ तीस वर्षं लागली. वकिलीचंही तेच. भारतात स्त्रियांना वकिली करता येईल असा कायदा झाला १९२३ साली. त्यानंतर मिठन टाटा, पुढे मिठन लाम, मुंबई उच्च न्यायालयात वकील म्हणून उभ्या राहिल्या.

कॉर्नेलियाबाई शिकत होत्या त्या काळातला एक फोटो मी शिवणाच्या खोलीत लावला आहे. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय. तिघी विद्यार्थिनी शेजारी शेजारी आहेत: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख केला आहे. आनंदीबाईंच्या अंगावर साडी आहे. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. शिकायला येणाऱ्या मुली तो फोटो पाहतात आणि आधी काठ पाहतात, मग चेहरा. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. कापड वाचता आलं पाहिजे.

काळा गाऊन आमच्या भागात खऱ्या अर्थाने दिसू लागला तो १९८१ नंतर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू झालं. तोवर बीडच्या शेतकऱ्याला जमिनीच्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. वकिलांच्या पोशाखाचा नियम बार कौन्सिलने केला आहे, आणि त्यात एक बारकावा आहे जो आम्हा शिवणाऱ्यांना माहीत असायलाच हवा. उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गाऊन सक्तीचा, खालच्या न्यायालयांत ऐच्छिक. म्हणून केजच्या कोर्टात वकील काळा कोट आणि गळ्याला पांढरी पट्टी लावून दिसतात. गाऊन बॅगेत घडी होऊन पडतो तो खंडपीठाच्या तारखेसाठी. त्याच नियमात कोटाऐवजी चपकन, अचकन किंवा काळी शेरवानीही चालेल असं म्हटलं आहे. निजामाच्या काळात ज्यांचे आजोबा शेरवानी घालून कचेरीत जात त्या मराठवाड्याला हे वाचून काहीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटतं.

गाऊनमधला माणूस म्हणून आमच्याकडे घराघरात ज्यांची तसबीर आहे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एका तसबिरीत ते बॅरिस्टरच्या काळ्या गाऊनमध्ये, गळ्याला पांढरी पट्टी. दुसरी १९५२ सालची, कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली तेव्हाची. ज्या समाजाने काय ल्यावं, काय नेसावं, धोतर कुठवर यावं हे दुसऱ्यांनी ठरवलं, त्यातल्या माणसाच्या अंगावर तो गाऊन आहे. म्हणून तो फोटो पाहणाऱ्याला नुसती पदवी दिसत नाही. आणि बाबासाहेबांना कपड्याची भाषा पुरती ठाऊक होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी जमलेल्या बायकांना सांगितलं, की लुगडं वरच्या जातीच्या बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे जड दागिने टाका. कपड्याची लांबी हा माणुसकीचा प्रश्न आहे, हे मराठी मुलखात इतक्या उघडपणे त्यांनी सांगितलं.

अलीकडे पदवीदानाचा गाऊन काढून टाकायची चळवळ चालली आहे. २०१० साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या एका समारंभात तो व्यासपीठावरच उतरवला. २०१९ च्या जानेवारीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने उपरणं आणि पुणेरी पगडी आणली, तर फुले पगडी का नाही म्हणून विद्यार्थी उभे राहिले. वाद होऊ देत. मला एवढंच वाटतं, की आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पहिली पदवीधर मुलगी आत्ता कुठे होते आहे. तिला तो काळा गाऊन घालून आईबरोबर फोटो काढू द्या. आता तर तालुक्याच्या ठिकाणी बालवर्गाच्या निरोपालाही छोटे काळे गाऊन लागतात. साटीनची पट्टी लावून मी ते शिवून दिले आहेत. आया ते हातात घेऊन उलटसुलट पाहतात. त्यांतल्या बऱ्याच जणींची शाळा सातवीला नाहीतर नववीला सुटलेली असते.

गाऊनची तिसरी जात दवाखान्यातली. आम्हाला मोठा आजार म्हणजे अंबाजोगाई. तिथलं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चं, ग्रामीण भागासाठी निघालेलं. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरही गाऊन घालतो आणि रोगीही. दोघांच्याही गाऊनचे बंद पाठीमागे असतात, पण कारणं वेगळी. डॉक्टरच्या गाऊनची पुढची बाजू निर्जंतुक राहायला हवी, म्हणून मागून दुसरं कुणीतरी बंद बांधतं. रोग्याला पडल्या पडल्या कपडा घालता-काढता यावा, सुई-नळी लावता यावी, म्हणून त्याचा गाऊन पाठीला उघडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शल्यविशारद जुने, रक्ताने कडक झालेले कोट घालून चिरफाड करत. लिस्टर या शल्यविशारदाने जंतूंचा धोका दाखवून दिल्यावर स्वच्छ पांढरे गाऊन आले, पुढे हिरवे-निळे झाले. त्यांनी किती जीव वाचवले असतील याला मोजमाप नाही.

पण रोग्याच्या गाऊनबद्दल बायका माझ्याजवळ बोलतात ते वेगळं असतं. “पाठ उघडी राहती गं ताई, आन् वार्डात किती मानसं.” एवढं एकच वाक्य मी कितीतरी जणींकडून ऐकलं आहे. ज्या बाईने आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही तिच्या अंगावर आलेला पहिला गाऊन हा असा. आमच्या जिल्ह्यात हे फार घडलं. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. बऱ्याच जणींचं वय चाळिशीच्या आतलं. पाळी आली, पोट दुखलं तरी कोयता थांबवता येत नाही, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. या भीतीतून आणि चुकीच्या सल्ल्यातून हे झालं. या १३ हजार बायकांनी तो पाठीला उघडा गाऊन घातला. पोशाखाच्या इतिहासात ही नोंद व्हायला पाहिजे.

आणि तिथूनच घरातला गाऊन सुरू होतो. आमच्या गावात तरी तो फॅशन म्हणून आला नाही, पोटावरच्या टाक्यांमुळे आला.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. आमच्या आज्या इरकली लुगडं नेसायच्या. नऊवारीला परकर लागत नाही, कमरेला नाडी आवळावी लागत नाही. लुगडं स्वतःच्या गाठीवर उभं राहतं आणि कासोटा घातला की बाई वाकायला, चढायला, धावायला मोकळी. आमच्या आयांच्या पिढीत पाचवारी आली. तिला शहरात गोल साडी म्हणत, ती शिकलेल्या बाईची खूण होती, सुटसुटीत दिसायची. पण तिच्याबरोबर परकर आला आणि परकराबरोबर नाडी. साडीच्या सगळ्या निऱ्यांचा भार त्या एका दोरीवर. उन्हाळ्यात कमरेला काळा वळ पडतो, खाज सुटते, कातडी सोलते. हा किरकोळ त्रास नाही. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा आवळलेल्या कमरेवर जुनी जखम चिघळून कातडीचा कर्करोग झालेल्या दोन म्हाताऱ्या बायकांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्यातली एक लुगडं नेसणारी होती, म्हणजे आवळून नेसलं तर तेही सुटत नाही.

आता अशा कमरेवर टाके घातले तर काय होईल? कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर, सिझेरियननंतर, गर्भाशयाची पिशवी काढल्यावर बाईने नाडी बांधायची कुठे? नर्सबाई सांगायच्या, काही दिवस गाऊन घाला. बाळंतपणाला माहेरी आलेली पुण्या-मुंबईची लेक पुढून चेन असलेले गाऊन घेऊन यायची, कारण लेकराला पाजायला बरं पडतं. ती परत जाताना एखादा गाऊन भावजयीसाठी सोडून जायची. गावातल्या बऱ्याच घरांतला पहिला गाऊन असा आला आहे. काही दिवसांसाठी म्हणून आला तो राहिला, कारण एकदा कंबर मोकळी झाल्यावर ती पुन्हा आवळून घ्यावीशी कुणाला वाटेल?

त्याचा उंबरठ्याबाहेरचा प्रवास मी डोळ्यांनी पाहिला आहे. आधी तो फक्त रात्रीचा होता; सासरा उठायच्या आत साडी नेसलेली पाहिजे. मग सकाळच्या स्वयंपाकापर्यंत टिकला. मग खांद्यावर टॉवेल किंवा ओढणी घेऊन अंगणात आला, नळावर गेला, किराणा दुकानापर्यंत गेला. थोरलं माणूस समोर आलं की त्याच ओढणीचा पदर डोक्यावर यायचा. सासवा म्हणायच्या, “झगा मगा अन् मला बघा.” हा टोमणा त्यांच्या तोंडी येणं साहजिक होतं. आमच्याकडे झगा लहान पोरींचा. पोर सहा-सात वर्षांची झाली की परकर-पोलकं, आणि लग्न ठरलं की लुगडं. झगा सुटला म्हणजे हुंदडणं सुटलं. मोठ्या बाईने पुन्हा झगा घालावा म्हणजे तिने सुटलेलं काहीतरी परत घ्यावं, आणि ते खपत नव्हतं. त्याच सासवांतल्या बऱ्याच जणी गुडघे गेल्यावर, साडीचा घोळ सांभाळवेना झाल्यावर माझ्याकडे आल्या. “लांब बाह्याचा शीव, आन् गळा बारका ठेव.” अशा गाऊनचा मी गळा बंद ठेवते, पुढे बटणपट्टी देते आणि कापड गडद घेते. त्यांना तो शोभतो.

हे एकट्या आमच्या गावचं नाही. २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात महिला मंडळानेच दिवसा गाऊन घालून बाहेर फिरणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड जाहीर केला होता. २०१८ साली आंध्रातल्या तोकलपल्ली गावात सकाळी सात ते संध्याकाळी सात गाऊन घातला तर २,००० रुपये दंड आणि चुगली करणाऱ्याला १,००० रुपये बक्षीस, असा फतवा निघाला. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा कपडा अंगप्रदर्शन कसा करतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. साडीत पोट दिसतं, पाठ दिसते, ती सोज्वळ. गाऊनमध्ये काही दिसत नाही, तो चवचाल! दूरच्या हवाई बेटांवर १८२० साली अमेरिकन मिशनरी पोचले तेव्हा त्यांच्या बायकांनी तिथल्या राणीला पहिल्याप्रथम शिवून दिला तो असाच लांब, सैल गाऊन, अंग झाकावं म्हणून. तिथे तो मर्यादेचा कपडा झाला आणि आजही समारंभाला घालतात. कापड तेच, बेतही जवळजवळ तोच. तेव्हा अडचण कापडात नाही. घरात निवांत वाटणारी बाई लोकांना बघवत नाही, एवढंच मला त्यातून दिसतं.

आणि हेच लोक ऊसतोडीच्या फडात काय बघतात? दिवाळी सरली की आमच्या तालुक्यातल्या नवरा-बायकोच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. उसाची पात करवतीसारखी हात कापते, म्हणून बाई साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट घालते. त्याला कुणी नावं ठेवत नाही, कारण तो कामाचा कपडा. घरातलं काम हे काम धरलं असतं तर गाऊनलाही नावं ठेवली गेली नसती. चुलीजवळ, गॅसजवळ पदर पेटण्याची भीती नाही, धुण्याच्या दगडावर निऱ्या भिजत नाहीत, शिडी चढताना पाय अडकत नाही. कामाचा कपडा म्हणून पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही.

एका गोष्टीचा मात्र मी हट्ट धरते, खिशाचा. जुन्या बाईकडे कनवट होती, ओचा होता, चंची होती. पाचवारीने तिचं पैसे ठेवायचं ठिकाण काढून घेतलं. मग नोट ब्लाऊजमध्ये, नाहीतर पदराच्या टोकाला. बाजारातून येणाऱ्या तयार गाऊनला बरेच वेळा खिसा नसतो किंवा असला तर नावाला असतो. मी उजव्या हाताला, शिवणीत दडलेला, मोबाइल आडवा बसेल एवढा खोल खिसा देते. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यावर येऊ लागले. तिकिटाचे पैसे आणि बँकेचा मेसेज ज्यावर येतो तो फोन, दोन्ही बाईच्या स्वतःच्या खिशात असावेत, नवऱ्याच्या शर्टात नकोत. सुती कापड, साधारण तीन मीटर, छातीवर योक, खाली चुण्या, आत दुहेरी शिवणीचा खिसा. असा गाऊन चांगला टिकतो.

मला या कपड्याचा सोहळा नको आहे. त्याची नोंद हवी आहे. मानाच्या वस्त्रांच्या याद्या दफ्तरांत आहेत, कोणाला कोणत्या साली कोणता पोशाख दिला ते लिहिलेलं आहे. बायकांच्या कपड्याची अशी यादी कुणी ठेवली नाही, आणि गाऊन जुना झाला की त्याची फरशी पुसायची फडकी होतात. वस्तू म्हणून तो मागे उरतच नाही. म्हणून वाचणाऱ्याला विनंती आहे. तुमच्या घरात पहिला गाऊन कोणत्या साली आला, कुणी आणला, कोणत्या कारणाने आणला आणि पहिल्या दिवशी कोण काय म्हणालं, हे घरातल्या थोरल्या बाईला विचारा आणि वहीत तिच्याच शब्दांत, साल घालून लिहून ठेवा. हे सांगू शकणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत.